‘जहाजे पाठविली’ : एका वाक्याची चिकित्सा

पोप संत जॉन तेविसावे ह्यांची तसबीर आपल्याकडील पुष्कळ घरांतून अजून आढळते. स्थूल देह, मोठे कान, हसरा चेहरा. त्यांच्या हयातीतच लोक त्यांना ‘भला पोप’ म्हणू लागले आणि तेच नाव पुढे चरित्रांच्या मुखपृष्ठांवर आले. पुस्तिका, दिनदर्शिका आणि महोत्सवी स्मरणिका ह्यांतून त्यांचे जे संक्षिप्त चरित्र छापले जाते त्याचे टप्पे ठरलेले असतात : उत्तर इटलीतील वाट्याने शेती करणाऱ्याचे घर, पहिल्या महायुद्धातील रुग्णसेवा, बल्गेरिया, तुर्कस्तान, पॅरिस, व्हेनिस, रोम आणि अखेरीस दुसरी व्हॅटिकन परिषद. तुर्कस्तानच्या टप्प्यावर एक वाक्य बहुधा असतेच : दुसऱ्या महायुद्धात उपासमारीने ग्रासलेल्या ग्रीसला त्यांनी धान्याची जहाजे पाठविली. हे वाक्य आम्ही इतक्या ठिकाणी वाचले आहे की ते मुळात कोणाचे, हे आता सांगता येणार नाही. आम्ही स्वतःही ते एका स्मरणिकेसाठी लिहिले आहे, त्याची मुद्रिते तपासली आहेत, आणि त्यात काही चुकते आहे असे तेव्हा आम्हांस वाटले नव्हते. प्रस्तुत लेखाचा विषय ते वाक्य आहे.

चरित्रलेखनाची परीक्षा ग्रंथावरून करावी, सुट्या वाक्यावरून करू नये, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु भाविक वाचक ग्रंथ वाचतोच असे नाही. वाक्य मात्र त्याच्यापाशी राहते. शिवाय ह्या वाक्याची घडण पाहण्याजोगी आहे. ‘त्यांनी जहाजे पाठविली’ हा कर्मणी प्रयोग. येथे क्रियापद कर्त्याकडे पाहत नाही, कर्माकडे पाहते. ‘पाठविली’ हे रूप रोंकाल्लींमुळे नव्हे, जहाजांमुळे आले आहे. व्याकरणाने जहाजांना जो मान दिला तो लेखकाने मात्र दिलेला नाही. ही जहाजे कोणती, कोणत्या धक्क्यावरून निघाली, कोणाच्या पैशाने भरली, वाटेत त्यांचे काय झाले, ह्यांपैकी एकही गोष्ट वाक्यात नाही. आणि ‘त्यांनी’ हा जो तृतीयेतील कर्ता, तो तर वस्तुस्थितीला धरूनच नाही. इस्तंबूलमधील प्रेषितीय प्रतिनिधीपाशी एकही जहाज नव्हते.

वस्तुस्थिती थोडी विस्ताराने सांगावी लागेल, कारण पुढील सारा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. इटलीने २८ ऑक्टोबर १९४० रोजी ग्रीसवर स्वारी केली. (बरोबर अठरा वर्षांनी, १९५८ मध्ये, त्याच तारखेला आन्जेलो रोंकाल्ली हे इटालियन गृहस्थ पोप म्हणून निवडले गेले. एखादा भाविक चरित्रकार ह्या योगायोगावर एक प्रकरण उभारील. आम्ही तो कंसातच ठेवतो.) ग्रीकांनी इटालियन सैन्य मागे रेटले, मग जर्मन सैन्य उतरले आणि २७ एप्रिल १९४१ रोजी अथेन्स पडले. देशाचे जर्मन, इटालियन व बल्गेरियन असे तीन विभाग झाले, आणि धान्य पिकविणारा ईशान्येकडील मुलूख बल्गेरियनांच्या ताब्यात गेला. जर्मनांनी पहिल्या काही आठवड्यांतच कोठारे उपसली. शेतकऱ्यांनी उरलेले धान्य दडविले. चलन कवडीमोल झाले. ग्रीस एरवीही पोटापुरता गहू पिकवीत नसे. तूट समुद्रमार्गे भरून निघे. तो समुद्र आता ब्रिटिश आरमाराने बंद केला होता. मार्क मॅझॉवर ह्यांच्या ‘इनसाइड हिटलर्स ग्रीस’ ह्या १९९३ मधील ग्रंथाचे मोठेपण हे, की तो ह्या उपासमारीचे खापर एकाच डोक्यावर फोडत नाही. लूट, बाजाराचे कोसळणे आणि नाकेबंदी ही तिन्ही सूत्रे तो अखेरपर्यंत हातात धरून ठेवतो. १९४१ च्या डिसेंबरात अथेन्स आणि पिरेयस ह्या जोडशहरांत दिवसाला तीनशेच्या आसपास माणसे मरत होती. रेडक्रॉसच्या अंदाजाप्रमाणे १९४१ ते १९४३ ह्या काळात अडीच लाख ग्रीक उपासमारीने वा तिच्या परिणामांनी दगावले.

आता ह्या कथेतील अवघड जागा. समुद्र बंद करणारा पक्ष हा आक्रमकांविरुद्ध लढणारा पक्ष होता. लंडनची भूमिका अशी, की जिंकलेल्या मुलखाला पोसणे हे जिंकणाऱ्याचे कर्तव्य आहे. आपण गहू पाठविला तर तो शत्रूच्या पोटात जाईल, अथवा ग्रीकांना आपण पोसले म्हणून शत्रूला त्यांचा गहू उचलून नेण्यास मोकळीक मिळेल. हा युक्तिवाद मूर्खपणाचा नव्हता. तो अंशतः खराही होता. पण त्याची किंमत अथेन्सच्या फूटपाथवर चुकती होत होती. दुष्ट राजा आणि दयाळू संत अशा दोनच पात्रांत ही गोष्ट बसत नाही. एका बाजूला लुटारू विजेता, दुसऱ्या बाजूला न्यायाची लढाई लढणारे आरमार, आणि त्या दोहोंच्या मध्ये रिकामे ताट. ज्या वाचकाला आपण हे सांगत नाही त्याला आपण ग्रीसची उपासमार सांगितलेलीच नाही.

रोंकाल्ली ह्या चित्रात कोठे होते? तुर्कस्तान व ग्रीस ह्या दोन्ही देशांचे ते प्रेषितीय प्रतिनिधी होते. १९३५ पासून इस्तंबूलला राहत होते. ग्रीसमध्ये कॅथलिक मूठभर. बहुसंख्य ऑर्थोडॉक्स समाज रोमकडे जुन्या संशयाने पाहणारा. त्यात हा प्रतिनिधी जातीचा इटालियन, म्हणजे स्वारी करणाऱ्यांच्या देशचा. १९४१ च्या उन्हाळ्यात ते अथेन्सला गेले. ऑर्थोडॉक्स महागुरुस्वामी दमास्किनोस आणि हे कॅथलिक प्रतिनिधी ह्यांची भेट झाली, आणि नाकेबंदी सैल करून गहू येऊ द्यावा ह्यासाठी पोपमहाशयांनी रदबदली करावी ही विनंती रोंकाल्लींनी रोमला पोहोचविली, अशी हकीकत चरित्रकार देतात. पीटर हेबलथ्वेट ह्यांचे १९८४ मधील चरित्र ह्या बाबतीत भक्तिपर पुस्तिकांहून कितीतरी संयमी आहे. व्हॅटिकनने लंडनकडे शब्द टाकला. नाकेबंदी त्या शब्दाने उठली नाही. आपल्या वाक्यात ह्या नकाराला जागा नाही, आणि आमच्या मते सर्वांत मोठी गफलत हीच. दोन दुरावलेल्या ख्रिस्तसभांचे दोन धर्माध्यक्ष एका टेबलाशी बसले, एकाने दुसऱ्याची मागणी आपली म्हणून उचलली, आणि तरीही ती लगोलग मान्य झाली नाही. ह्यात जे धैर्य आहे ते ‘पाठविली’ ह्या एका शब्दाने पुसून टाकले.

पहिले धान्य आणले ते तुर्कांनी. त्याची हकीकत आम्ही सविस्तर देतो, कारण ती आपल्या वाचकांपर्यंत क्वचितच येते. तुर्कस्तान तटस्थ होता, स्वतः टंचाईत होता. १९४२ च्या जानेवारीत खुद्द इस्तंबूलमध्ये पाव शिधापत्रिकेवर गेला. तरीही ब्रिटिशांची संमती मिळवून तुर्की रेड क्रेसेंट संस्थेने ग्रीसला अन्न पाठविण्याची योजना आखली. त्यासाठी पैसा उभा करण्यात अमेरिकेतील ग्रीक मदत मंडळाचा वाटा होता. जहाज मिळाले ते १८८३ साली ब्रिटनमध्ये बांधलेले, म्हणजे साठीला टेकलेले, एक कोळशावर चालणारे मालवाहू जहाज. दोन्ही बाजूंवर लाल चंद्रकोर रंगवून ते १९४१ च्या ऑक्टोबरात इस्तंबूलहून पिरेयसला निघाले. त्याचे नाव ‘कुर्तुलुश’. तुर्की भाषेत ह्या शब्दाचा अर्थ सुटका, मुक्ती. ह्या शब्दाला आणखी एक वळण आहे. १९१९ ते १९२२ ह्या काळात तुर्कांनी जे युद्ध मुख्यतः ग्रीक सैन्याविरुद्ध लढले त्याला ते ‘कुर्तुलुशचे युद्ध’ म्हणतात. म्हणजे ज्या शब्दाने तुर्काला ग्रीकावरचा विजय आठवावा तोच शब्द कपाळावर घेऊन हे जहाज ग्रीकांसाठी अन्न वाहत होते. नाव मुद्दाम ठेवलेले नव्हते. जहाज जुने, नाव ठरलेले. एखाद्या कादंबरीकाराने हे योजले असते तर आम्ही त्याला ‘जरा अतीच झाले’ असे म्हटले असते.

कुर्तुलुशने चार फेऱ्या पुऱ्या केल्या. पाचव्या फेरीत, १९४२ च्या जानेवारीत, मार्मारा समुद्रातील वादळी हवेत ते त्याच नावाच्या बेटापाशी खडकांवर आदळले आणि बुडाले. खलाशी वाचले, धान्य गेले. शत्रूच्या पाणसुरुंगाने वा विमानाने नव्हे, तर म्हातारे जहाज, हिवाळा आणि खडक ह्यांनी ते नेले. त्याच्या जागी दुसरे जहाज काढण्यात आले, ‘दुमलुपिनार’. हेही नाव रणांगणाचे : १९२२ च्या ऑगस्टमध्ये तुर्कांनी ग्रीक सैन्याचा निर्णायक पराभव केला तो दुमलुपिनारला.

एवढ्याने उपाशी देशाचे भागणारे नव्हते. १९४२ च्या आरंभी ब्रिटिश सरकारने प्रथम काही हजार टन गहू जाऊ देण्याचे मान्य केले. त्यामागे ग्रीसचे परागंदा सरकार होते, अमेरिका होती, रेडक्रॉस होते, व्हॅटिकनची रदबदली होती, आणि इंग्लंडमधील लोकमतही होते. चिचेस्टरचे अँग्लिकन बिशप जॉर्ज बेल ह्यांनी आपल्याच सरकारच्या नाकेबंदीविरुद्ध आवाज उठविला. ५ ऑक्टोबर १९४२ रोजी ऑक्सफर्डच्या सेंट मेरी चर्चमध्ये काही मंडळी ह्याच कारणासाठी जमली. आज ‘ऑक्सफॅम’ म्हणून जगभर माहीत असलेल्या संस्थेचा तो आरंभ. त्या मंडळींत गिल्बर्ट मरी होते, ज्यांनी युरिपिडीसची नाटके इंग्रजीत आणली. ज्या भाषेवर आयुष्य घालविले ती बोलणारी माणसे भुकेने मरताहेत, हे त्या वृद्ध पंडिताला साहवले नसावे असा आमचा तर्क. दरम्यान १९४२ च्या ऑगस्ट अखेरपासून मोठी योजना सुरू झालेली होती : गहू कॅनडाचा, महिन्याला पंधरा हजार टन; जहाजे तटस्थ स्वीडनची; वाटपावर देखरेख रेडक्रॉसची आणि तटस्थ माणसांची; आणि प्रत्येक जहाजाला दोन्ही लढणाऱ्या पक्षांकडून सुरक्षित जाऊ देण्याचे लेखी अभय. हे अभयही कागदच ठरे. ‘स्तुरेबोर्ग’ हे रेडक्रॉसच्या सेवेतील स्वीडिश जहाज त्याच वर्षीच्या जूनमध्ये विमानांनी बुडविले. त्यावरील एकच खलाशी जगला.

येथे आम्हांस एक गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. ग्रीसला हा गहू जात असतानाच, १९४३ मध्ये, बंगालमध्ये माणसे रस्त्यांवर मरत होती. मृतांचा आकडा तीस लाखांच्या घरात सांगितला जातो. कॅनडाने बंगालसाठीही गहू देऊ केला होता. तो वाहून नेण्यास जहाजे नाहीत, असे लंडनचे उत्तर आले. बंगालसाठी स्वीडिश जहाजांची योजना झाली नाही, ऑक्सफर्डच्या चर्चमधली सभा पुरेशी ठरली नाही. ग्रीसची कथा वाचणाऱ्या भारतीय वाचकाने ही नोंद समासात स्वतःच्या हाताने करून ठेवावी. बहुतेक परदेशी चरित्रकार ती करीत नाहीत.

ह्या सर्व पसाऱ्यात रोंकाल्लींचा वाटा लहान ठरतो काय? आम्हांस तसे वाटत नाही. तो निराळा ठरतो. जहाज पाठविणे हे धनवानाचे वा राज्यकर्त्याचे काम. दुसऱ्याचे दार वाजविणे, नकार घेणे, पुन्हा वाजविणे, आणि अखेर दार उघडले तेव्हा ते आपल्यामुळे उघडले असे म्हणता न येणे, हे त्यांचे काम होते. भक्तिपर लेखनाला हे काम दिसत नाही, कारण त्याला संताच्या हातात काहीतरी ठोस वस्तू हवी असते : काठी, पुस्तक, कमळ, जहाज.

आणि स्वतः रोंकाल्ली काय लिहितात? येथे आपण खऱ्या ग्रंथाकडे येतो. त्यांची ‘आत्म्याची रोजनिशी’ त्यांच्या निधनानंतर, १९६४ मध्ये, त्यांचे चिटणीस लोरिस कापोव्हिल्ला ह्यांच्या देखरेखीखाली प्रसिद्ध झाली. १८९५ पासूनच्या, म्हणजे सेमिनरीतील चौदा वर्षांच्या मुलाने केलेल्या नोंदींपासून ते पोपपदाच्या वर्षांपर्यंतचे हे लेखन आहे. त्यांच्या रोजच्या भेटीगाठींच्या नोंदवह्या पुढे स्वतंत्रपणे छापल्या गेल्या. त्यांविषयी आम्ही येथे बोलत नाही. रोजनिशीतील तुर्कस्तानची वर्षे बहुतांशी वार्षिक साधनेच्या, ज्याला आपण रिट्रीट म्हणतो त्या, दिवसांत लिहिलेली आहेत. १९४० च्या नोव्हेंबर अखेरीस, म्हणजे इटलीने ग्रीसवर स्वारी केल्यानंतर महिनाभराने, ते बॉस्फरसच्या काठी साधनेला बसले, आणि चिंतनासाठी त्यांनी एक्कावन्नावे, पश्चात्तापाचे स्तोत्र घेतले. युद्ध हे देवाने लादलेले नसून मनुष्यांनी दैवी नियम मोडून ओढवून घेतलेले आहे, अशा आशयाचे विचार तेथे येतात. स्वारी करणाऱ्या देशात जन्मलेल्या, आणि स्वारी झालेल्या देशाची धार्मिक जबाबदारी खांद्यावर असलेल्या माणसाने त्या महिन्यात नेमके पश्चात्तापाचे स्तोत्र निवडावे, ही बाब आम्हांस सबंध ग्रंथातील सर्वांत बोलकी वाटते. पण गव्हाच्या जहाजांचा हिशेब शोधीत जो वाचक ह्या पानांतून जाईल तो रिकाम्या हाताने परतेल. तेथे टन नाहीत, बंदरे नाहीत. आपली आज्ञाधारकता, आपली वाचाळता, आपले नम्रतेत कमी पडणे, ह्यांचीच झडती आहे.

हाना आरेन्ट ह्या थोर विदुषीने १९६५ मध्ये ह्या रोजनिशीचे परीक्षण लिहिले. पुस्तक निराशही करते आणि गुंतवूनही ठेवते, असा त्यांचा सूर आहे. निराशा अशासाठी, की पाने भरभरून चांगले करावे व वाईट टाळावे असले बोध आहेत, जे ‘ख्रिस्तानुकरण’ वाचणाऱ्या कोणत्याही सेमिनरी-विद्यार्थ्याने लिहिले असते. आरेन्ट ह्यांना रोंकाल्ली खरे सापडतात ते रोममधील लोकांच्या तोंडी असलेल्या त्यांच्या किश्शांत. हे परीक्षण आपल्या वाचकांनी अवश्य वाचावे; ख्रिस्ती नसलेल्या लेखिकेने इतक्या गंभीर आदराने एका पोपविषयी लिहावे, हा दुर्मिळ योग आहे. तथापि आमचा त्यांच्याशी एक मतभेद आहे. रोजनिशीची एकसुरी पाने हा लेखनगुणाचा अभाव असेलही. पण ज्या वर्षी एखाद्याला स्वतःविषयी अभिमानाने लिहिण्याजोगे काही घडले, त्या वर्षीही त्याने तीच जुनी झडती चालू ठेवावी, ह्याला एकसुरीपणा म्हणून बाजूस सारता येत नाही. ‘मी ग्रीससाठी खटपट केली’ हे वाक्य लिहिण्याचा अधिकार ज्याला होता त्याने ते तेथे लिहिले नाही. ज्यांना अधिकार नव्हता अशा आम्ही चरित्रलेखकांनी ते त्यांच्या वतीने, आणि फुगवून, लिहिले.

मात्र ह्या मौनाचीही एक मर्यादा आहे. आत्म्याच्या रोजनिशीत जहाजे नसावीत हे योग्य; पण त्या मौनात ग्रीसचा भुकेला माणूसही बुडून जातो. संताच्या डोळ्यांसमोर त्याचे स्वतःचे दोष आहेत, चरित्रकाराच्या डोळ्यांसमोर संत आहे; मग मेलेल्याकडे कोण पाहतो? ह्याचे उत्तर अथेन्समध्येच मिळते. वूला पापायोआनू ह्या छायाचित्रकार बाईंनी त्या हिवाळ्यात आपला कॅमेरा शहराच्या रुग्णालयांतून व रस्त्यांवरून नेला. त्यांची छायाचित्रे आता अथेन्सच्या बेनाकी संग्रहालयात आहेत. हाडांचे सापळे झालेली ती मुले पाहताना दयेपूर्वी लाज वाटते, आणि तो क्रम आम्हांस बरोबर वाटतो. दुसरे नाव इओआना त्सात्सू ह्यांचे. कवी योर्गोस सेफेरिस ह्यांची ही बहीण. महागुरुस्वामी दमास्किनोस ह्यांच्या मदतकार्यात राबलेली. व्याप्तीच्या वर्षांतील त्यांची रोजनिशी १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली. एकाच युद्धातून आलेल्या ह्या दोन रोजनिश्या एका वर्षाच्या अंतराने छापल्या गेल्या. एक अंतःकरणात उतरते, दुसरी रस्त्यावर. एकीत जे नाही ते दुसरीकडून घ्यावे लागते.

मदतीविषयी कसे लिहावे, ह्याचा आदर्श शोधण्यास आपण फार दूर जाण्याची गरज नाही. संत पौलाने यरुशलेममधील गरिबांसाठी वर्गणी गोळा केली आणि ती घेऊन तो निघाला. ह्या वर्गणीविषयी त्याने करिंथकरांना व रोमकरांना जे लिहिले ते समीक्षकाच्या नजरेने पुन्हा वाचावे. पहिली गोष्ट, तो व्यवस्था सांगतो : पैसे कोणी, केव्हा बाजूला ठेवावेत, बरोबर कोणी जावे. दुसरी, एवढी मोठी रक्कम हाताळताना कोणास बोट दाखविण्यास जागा राहू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेली माणसे सोबत घेतल्याचे तो मुद्दाम नोंदवितो. देवापुढे हिशेब चोख असून भागत नाही, माणसांपुढेही तो असावा लागतो, हे त्याला ठाऊक आहे. तिसरी गोष्ट सर्वांत विलक्षण. ही मदत यरुशलेमच्या लोकांना पसंत पडावी म्हणून प्रार्थना करा, असे तो रोमकरांना विनवितो. देणाऱ्याला घेणाऱ्याच्या नकाराची भीती आहे! घेणारा हात पसरून उभाच आहे असे तो गृहीत धरीत नाही. आमच्या स्मरणिकांतील मदतकार्याचे अहवाल ह्या तिन्ही कसोट्यांवर लावून पाहावेत. योगायोग असा, की ज्या जहाजातून पौल पुढे कैदी म्हणून रोमला निघाला, ते अलेक्झांड्रियाचे गव्हाचे जहाज होते, आणि दोनशे शहात्तर जीव वाचविण्यासाठी तो गहू समुद्रात ओतावा लागला. ‘प्रेषितांची कृत्ये’ लिहिणाऱ्याने माणसांची संख्या दिली आणि टाकलेला गहूही सांगितला. कुर्तुलुशच्या चरित्रकाराने ह्याहून अधिक काय करावे?

एक आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आम्ही एका धर्मग्रामाच्या सभागृहात कपड्यांच्या ढिगापुढे आठवडाभर बसलो होतो. त्यातील कितीतरी कपडे कोणास देण्याच्या लायकीचे नव्हते. काहींना बटणे नव्हती, एका गाठोड्यात नुसती बाळाची टोपडी आणि एक टाय होता. खटारा भरला, तो गेला, आणि अहवालात ‘धर्मग्रामस्थांनी भरघोस मदत पाठविली’ असे छापून आले. तो अहवालही आमच्याच हातचा. बाजूला काढलेला ढीग किती होता हे आम्ही लिहिले नाही, आणि पाठविलेले कपडे तिकडच्या बायकांना आवडले का, हे विचारण्याचे कोणास सुचले नाही. पौलाला सुचले असते.

हे सर्व जुने म्हणून सोडून देता आले असते. पण वाक्य अजून चालू आहे. १२ मार्च २०२४ रोजी सायप्रसच्या लार्नाका बंदरातून ‘ओपन आर्म्स’ हे स्पॅनिश संस्थेचे जहाज सुमारे दोनशे टन अन्न घेऊन गाझाकडे निघाले, तेव्हा वृत्तपत्रांनी त्याची छायाचित्रे पहिल्या पानावर छापली. समुद्र निळा, जहाज लहान, मागे ओढत नेलेला तराफा. चित्र सुंदर होते. ते अन्न उतरविण्यासाठी पडलेल्या इमारतींच्या राडारोड्याचा धक्का बांधावा लागला, हे आतल्या पानांवर होते. त्यानंतर अडीच आठवड्यांनी, १ एप्रिलला, समुद्रमार्गे आलेले अन्न गुदामात उतरवून परतणारे ‘वर्ल्ड सेंट्रल किचन’चे सात सेवक इस्रायली हवाई हल्ल्यात मारले गेले. समुद्र ओलांडला होता. रस्ता ओलांडता आला नाही. ग्रीसमध्येही पिरेयसच्या धक्क्यावर गोष्ट संपत नव्हती. गहू पाव होऊन माणसाच्या हाती पडेपर्यंत देखरेख लागे, आणि लढणाऱ्या प्रत्येक पक्षाची परवानगी लागे. जहाजाचे छायाचित्र छापणाऱ्याने त्या परवानगीचा कागदही छापावा, असे आमचे म्हणणे. तो दिसायला सुंदर नसतो.

ज्यांना हा विषय मुळातून समजून घ्यावयाचा आहे त्यांनी प्रथम मॅझॉवर ह्यांच्या ग्रंथातील उपासमारीची प्रकरणे वाचावीत, मग हेबलथ्वेट, आणि रोजनिशी सर्वांत शेवटी; उलट क्रमाने गेल्यास रोजनिशी कंटाळवाणी वाटण्याचा धोका आहे. आमच्या हातून मागे जे वाक्य छापले गेले त्याची दुरुस्ती आम्ही येथे देत आहोत. ती लांबली आहे. स्मरणिकेच्या संपादकांनी जागेची अडचण सांगू नये. ‘१९४१ मध्ये ग्रीस उपाशी असताना, स्वारी करणाऱ्या देशात जन्मलेल्या रोंकाल्लींनी ऑर्थोडॉक्स महागुरुस्वामींची विनंती आपली म्हणून रोमला नेली. ती लगेच मान्य झाली नाही. पहिले अन्न मुसलमान तुर्कांच्या कुर्तुलुश ह्या जहाजाने नेले. ते बुडाल्यावर दुमलुपिनारने नेले. पुढे कॅनडाचा गहू स्वीडिश खलाशांनी नेला, आणि त्यांतील काही परत आले नाहीत.’